लाल गोळी घेऊनही रक्त का वाढलं नाही? पन्हाळा तालुक्यातील एक प्रकरण अभ्यास

(ओळख पटू नये म्हणून गाव, वय, काम आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. रुग्ण स्त्रीला इथे ‘वैनी’ म्हटलं आहे. गावातल्या आशाताई तिला तशीच हाक मारतात.)

पार्श्वभूमी

कासारी नदीच्या खोऱ्यातलं गाव. नदीकाठाला ऊस, वरच्या अंगाला भात आणि थोडी नाचणी. वैनी एकोणतीस वर्षांची, दोन मुलींची आई. मोठी पहिलीत जाते, धाकटी दोन वर्षांची. नवरा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत पाळीवर कामाला. घरी सासू-सासरे आणि दोन म्हशी. पहाटे धार, डेअरीला दूध, मग वैरण, मग घरच्या किंवा पैऱ्यातल्या रानात भांगलण, संध्याकाळी पुन्हा धार. वजन बेचाळीस किलो.

दुसऱ्या गरोदरपणात तिचं हिमोग्लोबिन ९.६ (दर शंभर मिलिलिटर रक्तात ग्रॅम) होतं. बाळंतपण नीट झालं. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायच्या लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या, पण त्या तिने महिनाभरही घेतल्या नाहीत. यात काही वेगळं नाही. बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे आणि लसींकडे जातं. आईचं कार्ड ट्रंकेत जातं.

पुढे दोन वर्षं तिचं रक्त कुणी तपासलं नाही. जूनमध्ये उपकेंद्रावर ग्राम आरोग्य पोषण दिनाला डिजिटल मीटरवर तपासणी झाली, तेव्हा आकडा ८.४ आला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र. ती मध्यम गटात बसली, पण अगदी काठावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी असतं तिथे ८.४ पाहून कुणी दचकत नाही, आणि या प्रकरणात पुढचे तीन महिने त्यातच गेले.

अडचण

‘अॅनिमियामुक्त भारत’ या सरकारी कार्यक्रमाच्या पद्धतीप्रमाणे तिला दिवसाला दोन लाल गोळ्या सुरू केल्या. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. सोबत जंतांची अल्बेंडाझोल दिली. गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा, असं सांगितलं.

गुळाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडस. गूळ वाईट नाही. पण एका खड्यातून फार तर एखाद-दोन मिलिग्रॅम लोह मिळतं आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. आठच्या घरात आलेलं हिमोग्लोबिन गुळाने वर येत नाही. ‘गूळ खा’ हे ऐकायला सोपं असल्यामुळे लक्षात तेवढंच राहतं आणि गोळीचं महत्त्व घसरतं.

सप्टेंबरात पुन्हा तपासलं, तर ७.८. आकडा वाढायचं सोडून घटला होता. रजिस्टरात शेरा पडला: ‘गोळ्या नियमित घेत नाही. समुपदेशन केले.’

शेरा निम्मा खरा होता. गोळीने मळमळतंय, तोंडाला गंज आल्यागत लागतंय, शौचाला काळं होतंय, अशा तिच्या तक्रारी होत्या. सासूचंही मत स्पष्ट होतं: “आमी काय पोरं काढली न्हाईत व्हय? रगत कमी म्हणून गोळ्या खाईत कोण बसलंय?” पण आशाताईंनी घरी जाऊन रिकामी पाकिटं पाहिली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश गोळ्या संपलेल्या होत्या. आमच्या भागात तीन महिन्यांत एवढ्या गोळ्या घेणारी बाई म्हणजे चांगलीच नियमित म्हणायची.

पहिला निर्णयबिंदू: शेरा स्वीकारायचा की नाही

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीला मी प्रशिक्षक म्हणून बसत असे. समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी हे प्रकरण तिथे काढलं आणि फळ्यावर एक साधं गणित मांडलं. तीन महिन्यांत दिलेल्या गोळ्या १८०. त्यातल्या दोन तृतीयांश, म्हणजे १२०, पोटात गेल्या. १२० गुणिले ६० म्हणजे ७,२०० मिलिग्रॅम लोह. चहामुळे, मळमळीमुळे त्यातलं शेकडा पाचच अंगी लागलं असं धरलं, तरी ३६० मिलिग्रॅम झालं. बेचाळीस किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढायला साधारण शंभर मिलिग्रॅम लोह पुरतं. म्हणजे आकडा चांगला वर यायला हवा होता, निदान घसरायला तरी नको होता. तो का घसरला?

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हे गणितच. ‘गोळ्या घेत नाही’ असं एकदा लिहिलं की पुढचा विचार थांबतो आणि दोष बाईच्या माथी जातो. रक्त न वाढण्याची कारणं दोन बाजूंनी शोधावी लागतात. लोह आत जात नाही का, ही एक बाजू. रक्त बाहेर जातंय का, ही दुसरी. आपली सगळी रजिस्टरं पहिल्या बाजूची आहेत. गोळ्या किती वाटल्या, किती घेतल्या, समुपदेशन झालं का, याला रकाने आहेत. पाळीत किती रक्त जातं याला रकाना नाही.

पहिल्या बाजूलाही दोन गोष्टी सापडल्या. ती दोन्ही गोळ्या संध्याकाळच्या चहाबरोबर घेत होती. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात. आणि गोळीने जळजळतं म्हणून मेडिकलमधून अॅसिडिटीची गोळी आणून रोज सकाळी घेत होती. पोटातलं आम्ल कमी झालं की लोहाचं शोषण आणखी घटतं. हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा धागा मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. मॅडमनी आशाताईंना विचारलं, “तिची पाळी कशी आहे?” आशाताई म्हणाल्या, “विचारलंय की. बरी येतीया म्हणाली.” मग थोड्या वेळाने हसत म्हणाल्या, “सासू मात्र सारखी कुरकुरती. म्हैन्यातनं धा दिस बाजूला असतीया, देवाचं कोण बघणार, म्हणती.”

त्या घरात पाळीच्या दिवसांत देवघराला आणि स्वयंपाकघरातल्या काही गोष्टींना हात लावत नाहीत. त्यामुळे पाळी किती दिवस चालते हे घरात एका माणसाला अगदी नेमकं ठाऊक होतं. सासूची तक्रार सगळ्यांनी सासूची तक्रार म्हणूनच ऐकली होती.

एकटीला गाठल्यावर

आशाताईंच्या आधीच्या गृहभेटी सोप्यात बसून, सासूसमोर झाल्या होत्या. तिथे ‘पाळी बरी येते का’ याला ‘येतीया की’ हेच उत्तर मिळणार. या वेळी धाकटीच्या वजनाचं निमित्त काढून वैनीला उपकेंद्रावर बोलावलं आणि दार लावून नेमकं विचारलं. किती दिवस जातं? कापड की पॅड, आणि दिवसातून किती वेळा बदलतेस? रात्री उठावं लागतं का? गाठी पडतात का? रानात जाणं चुकतं का?

उत्तर असं आलं: आठ-नऊ दिवस. पहिले तीन दिवस रात्रीतून दोनदा उठून कापड बदलावं लागतं. गाठी पडतात. ऊस भांगलायला जायचं तर एकावर एक दोन कापडं. “तांबी बसवल्यापासनं असंच हाय. तांबीनं जरा जादा जातंय म्हणून सांगितलं हुतं.”

तांबी (कॉपर-टी) दुसऱ्या बाळंतपणानंतर लगेच, दवाखान्यातच बसवली होती. नवऱ्याला माहीत होतं. सासूला नव्हतं. दोन मुलींवर थांबायचं हे नवरा-बायकोचं ठरलं होतं, सासू मात्र तिसऱ्याची वाट बघत होती. त्यामुळे रक्त जास्त जातंय हे घरात बोलायचं तर तांबीचं बोलावं लागणार होतं.

तांबीने पाळीत जास्त रक्त जाणं ही ओळखीची गोष्ट आहे. बहुतेकींमध्ये पहिल्या तीन ते सहा महिन्यांत ते कमी होतं. हिच्यात दोन वर्षं झाली तरी झालं नव्हतं. ‘जरा जादा’ म्हणजे किती आणि किती दिवस, कधी परत यायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सर्वसाधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, ऐंशीच्या वर गेलं तर ते जास्त मानतात. निरोगी रक्ताच्या ऐंशी मिलिलिटरमधून जवळजवळ चाळीस मिलिग्रॅम लोह जातं. तिचं जाणं ऐंशीच्या बरंच वर असणार.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तांबीवर लगेच शिक्का मारला नाही. आधी गरोदरपणाची तपासणी, ती निगेटिव्ह. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ नाही, तांबी जागेवर. थायरॉइड ठीक. प्रयोगशाळेतून रक्ताची पूर्ण तपासणी: हिमोग्लोबिन ७.६, लाल पेशींचा आकार (एमसीव्ही) ६४, लाल पेशी ३९ लाख. पेशी लहान असल्या की लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहक असणं यांत गफलत होऊ शकते. पेशींचा आकार भागिले पेशींची संख्या (दशलक्षात) हा ढोबळ ठोकताळा इथे सोळाच्या वर आला. तेराच्या खाली आला असता तर थॅलेसेमियाच्या दिशेने आधी बघावं लागलं असतं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बाहेरून करून घेतलं, ते ५ आलं. १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. निदानाबद्दल शंका उरली नाही.

कोणते पर्याय समोर होते

प्रश्न दोन होते आणि ते एकत्र सोडवायचे होते. गेलेलं लोह भरून काढायचं आणि रक्त जाणं थांबवायचं.

लोहासाठी नवऱ्याचं म्हणणं होतं, “एक रक्ताची बाटली चढवा, विषय संपला.” आकडा आठच्या खाली असला तरी तिला बसल्या जागी दम नव्हता, हृदयावर ताण नव्हता, ऐन रक्तस्राव सुरू नव्हता. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं आणि रक्त चढवण्याचे धोके मात्र येतात. हा पर्याय बाजूला ठेवला. गावात ‘ताकदीची लाल बाटली’ म्हणून जे व्हिटॅमिनचं सलाईन मिळतं ते तिने उन्हाळ्यात दोनदा घेतलं होतं. त्यात लोह नसतं, एवढंच तिला सांगितलं.

दुसरा पर्याय गोळ्याच चालू ठेवायच्या, पण चहापासून दोन तास लांब, अॅसिडिटीची गोळी बंद करून, रात्री लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात एक दिवसाआड गोळी घेतल्यावर लोह जास्त शोषलं गेलं होतं. म्हणून मळमळ फार असेल तर तीही सोय होती. हा पर्याय चुकीचा नव्हता. बाई गरोदर नाही, वेळ आहे, असं बैठकीत एका सहकाऱ्याने ठासून सांगितलं आणि त्यात तथ्य होतं.

तिसरा पर्याय शिरेतून लोह. वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००, या सूत्राने सुमारे ९४५ मिलिग्रॅम लागणार होतं. ग्रामीण रुग्णालयात आयर्न सुक्रोज मोफत होतं. एका वेळी २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, म्हणजे पाच खेपा. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजने एक-दोन खेपांत भागलं असतं, पण ते विकत आणावं लागत होतं.

रक्त थांबवण्यासाठी: तांबी ठेवून पाळीच्या दिवसांत रक्त जाणं कमी करणारं ट्रानेक्झामिक अॅसिड घेणं, किंवा तांबी काढून ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन, किंवा ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी, किंवा संप्रेरक (हार्मोन) असलेली तांबी, जी तिच्या खर्चाबाहेर होती. शस्त्रक्रियेचा विषय तिने स्वतःच बंद केला. घरात लपणार नाही. आणि तांबी काढून नुसतं मोकळं राहणं हा पर्यायच नव्हता. एवढ्या रक्तावर तिसरं गरोदरपण म्हणजे तिच्या जिवाशी खेळ झाला असता.

‘अंतरा’ कुणाला दिसत नाही, म्हणून मॅडमचा कल तिकडे होता. वैनीने नको म्हटलं. पहिल्या महिन्यांत त्याने अधूनमधून डाग जाऊ शकतात आणि पुढे पाळी थांबू शकते. डाग गेले की तिला पुन्हा बाजूला बसावं लागणार, थांबली की सासूला वाटणार दिवस गेले. हा हिशोब आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. ‘छाया’त संप्रेरक नाही, पाळीत रक्त साधारण कमी जातं आणि पाळी थोडी उशिराने येऊ शकते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, मग एक. रविवारी सुरू केली तर दुसरी बुधवारी. “म्हंजे मटणाचं वार,” वैनी म्हणाली, आणि तिथेच ठरलं.

काय केलं

ऑक्टोबरच्या पाळीत ट्रानेक्झामिक अॅसिड दिलं. पाळी सहा दिवसांवर आली. नोव्हेंबरच्या पाळीत तांबी काढली आणि ‘छाया’ सुरू झाली.

लोह शिरेतूनच द्यायचं ठरलं. कारणं तीन: आकडा आठच्या खाली, गोळी पोटाला सोसत नव्हती, आणि ‘छाया’चा परिणाम दिसेपर्यंत आणखी एखादी जड पाळी येण्याची शक्यता होती. अडचण औषधाची नव्हती, खेपांची होती. सकाळच्या एसटीने जायचं, सलाईनमधून लोह पंधरा-वीस मिनिटांत जातं, मग अर्धा तास बसवून ठेवतात, परतीची गाडी दुपारी. रानातला दिवस बुडाला. सासू धार काढील का, हा खरा प्रश्न होता.

इथे गंमत अशी झाली की गोळ्यांवर विश्वास नसलेल्या सासूचा बाटलीवर होता. “बाटली लावणार म्हंजे खरंच रगत कमी हाय,” म्हणून तिने धारेचं काम स्वतःकडे घेतलं. तांबीबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही. ते योग्य का, यावर बैठकीत वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: ती माहिती वैनीची, सांगायची की नाही हेही तिनेच ठरवायचं.

दोन मात्रा वेळेवर झाल्या. मग उसाला कारखान्याची टोळी आली. टोळी आली की घरातलं कुणी हलत नाही, आज नाही तोडला तर पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. तिसरी मात्रा आठवडाभर लांबली. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनी तिला ‘अनियमित’ न लिहिता पुढची तारीख दिली. उरलेल्या दोन खेपांना नवऱ्याने रात्रपाळी करून गाडीवर नेलं.

खाण्याबाबत मोठा आराखडा दिला नाही. घरात रविवारी मटण होतं, पण बाया शेवटी बसतात, तोवर पातेल्यात रस्सा उरतो आणि फोडी संपलेल्या असतात. नवऱ्याला एवढंच सांगितलं की तिचं ताट आधी वाढून ठेवायचं, त्यात काळजाच्या दोन फोडी. श्रावण आणि गुरुवार सोडून तो ते करतो, असं वैनी सांगते.

निष्पत्ती

शेवटच्या मात्रेनंतर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.८, फेब्रुवारीअखेर ११.३, एप्रिलमध्ये ११.९. वैरणीचा भारा उचलताना येणारी भोवळ थांबली. पाळी आता चार दिवसांची. मधे एकदा ती सत्तेचाळीस दिवस लांबली आणि घरात दोन वेगवेगळ्या माणसांना दोन वेगवेगळ्या कारणांनी झोप लागली नाही. तपासणी निगेटिव्ह आली. ‘छाया’ने पाळी लांबू शकते हे तिला आधी सांगितलं होतं, तरी प्रत्यक्षात तसं झालं तेव्हा घाबरायचं ते घाबरलीच.

तंबाखूची मिसरी लावायची वैनीची सवय मात्र सुटलेली नाही. आशाताईंनी दोनदा विषय काढला, वैनीने दोनदा टाळला. एप्रिलमध्ये तिची जाऊ स्वतःहून उपकेंद्रावर आली, तिचं ९.१ निघालं. तिला पहिल्याच भेटीत पाळीचं विचारलं गेलं. तिची पाळी ठीक आहे, तिच्या बाबतीत कारण खरोखरच न घेतलेल्या गोळ्या निघालं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, तांबीनंतरचा पाठपुरावा. तांबीचा धागा तपासायला सहा आठवड्यांनी बोलावतात, तेव्हाच पाळीचे दिवस आणि गाठी विचारता येतात. तीन आणि सहा महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारून सोबत बोटातून रक्त तपासलं असतं, तर दीड वर्ष वाचलं असतं. तांबी वाईट आहे असा निष्कर्ष मात्र यातून कुणी काढू नये. त्याच गावात कितीतरी बाया ती वर्षानुवर्षं बिनतक्रार वापरतात. पण जिचं हिमोग्लोबिन गरोदरपणातच साडेनऊच्या आसपास होतं तिला तांबी बसवताना रक्ताचा पाठपुरावा लावून द्यायला हवा होता.

जून ते सप्टेंबर हा काळही अकारण गेला. उपचार सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा तपासायचं असतं. महिन्यात एक ग्रॅमही वाढ नसेल तर वर पाठवायचं, ही सूचना पद्धतीतच आहे. जुलैत रोपलावणी होती, बाया उपकेंद्रावर आल्या नाहीत, तपासणी टळली. लावणीच्या दिवसांत मीटर घेऊन संध्याकाळी दूध संस्थेच्या दारात बसलं तर निम्मं गाव भेटतं, असं आशाताईंनी नंतर सुचवलं. यंदा तसं करून बघणार आहेत.

शिरेतून लोह देण्याबद्दल मी अजून पूर्ण ठाम नाही. रक्त जाणं थांबल्यावर आणि चहा-अॅसिडिटीचा घोळ निस्तरल्यावर गोळ्यांनीही हा आकडा गाठता आला असता, फक्त तीन-चार महिने जास्त लागले असते. पाच खेपांचे बुडालेले दिवस, एसटीचं भाडं आणि सासूची मेहनत हाही खर्चच. सासूने बाटलीला दिलेला मान नसता तर कदाचित तिसऱ्या खेपेलाच सगळं थांबलं असतं.

मॅडमनी उपकेंद्राच्या रजिस्टरात पेनाने एक रकाना आखला आहे: पाळीचे दिवस, गाठी, रात्री बदलावं लागतं का. वरून छापून येणाऱ्या रजिस्टरात तो नाही. नवीन वही आली की तो पुन्हा आखावा लागेल.

वैनी सध्या आठवड्याला एक लाल गोळी घेते, ‘छाया’च्याच वारी, रविवारी. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करायचं ठरलं आहे. आकडा बाराच्या जवळ आला म्हणून साठा भरला असं होत नाही, आणि लावणी-भांगलणीचा हंगाम त्याच्या आधीच येऊन जातो.